उभी पट्टी

एकदा एका पंचांगाच्या कचेरीत दोन पडदे आले. खिडकीचे नव्हेत, संगणकाचे. एक रुंद, नव्या घडणीचा; दुसरा आखूड आणि उंच, ज्याला बाजारात सगळे 'चौकोनी' म्हणतात. घेऊन येणारा दुकानदार जुन्या ओळखीतला होता. त्याने दोन्ही मॉनिटर मेजावर शेजारी शेजारी मांडले, तारा जोडल्या, रुमालाने काचा पुसल्या आणि म्हणाला, "गुरुजी, आठ दिवस दोन्ही वापरून बघा. एक ठेवा, एक मी परत नेतो. पण माझं ऐकाल तर रुंदच ठेवा. आता चौकोनी कोण घेतं? शिवाय रुंदावर पिक्चरसुद्धा झकास दिसतो."

गुरुजींनी दोन्ही मॉनिटरांकडे आळीपाळीने पाहिले. "कोपरे तर दोघांनाही चार-चारच आहेत," ते म्हणाले, "मग चौकोनी हा एकटाच कसा?"

दुकानदार हसला. आपल्याला उत्तर देता आले नाही हे त्याच्या ध्यानात यायच्या आत तो जिना उतरून गेलाही.

हे गुरुजी म्हणजे त्या पंचांगाचे कर्ते. वय ऐंशीच्या पुढे. चाळीस वर्षे त्यांनी चंद्र-सूर्याचे गणित कागदावर, हाताने केले होते. पुढे संगणक आला तेव्हा त्यांनी त्याचे ना स्वागत केले ना राग धरला. घरात नवी सून यावी आणि सासऱ्याने आपली खुर्ची जरा भिंतीकडे सरकवून घ्यावी, तसे ते थोडे बाजूला सरकले. मात्र एक गोष्ट त्यांनी सोडली नव्हती. दर पक्षाचे पान तपासून झाले की त्याच्या तळाशी ते आपल्या हाताने एक शब्द लिहीत: 'शुद्ध'. तो शब्द असल्याशिवाय छापखाना पानाला हात लावत नसे.

त्यांची शिष्या कृत्तिका. गेली सहा वर्षे ती त्यांच्याजवळ शिकत होती, आणि येत्या वर्षाचे सबंध पंचांग प्रथमच तिने एकटीने केले होते. गुरुजींनी तसे बोलून दाखवले नव्हते, पण कचेरीत सगळ्यांना ठाऊक होते, की हे काम नीट उतरले तर पंचांग तिच्या हाती जाणार. तिच्या सगळ्या पानांवर 'शुद्ध' हा शब्द पडतो की नाही, एवढाच प्रश्न उरला होता. चैत्रापासूनची साडेपाच महिन्यांची पाने जुन्या, कुरकुरणाऱ्या मॉनिटरवर दोघांनी मिळून तपासली होती. नेमका भाद्रपदाच्या वद्य पक्षाशी येऊन तो कायमचा बंद पडला.

"कुठला ठेवायचा ते तूच ठरव," गुरुजी म्हणाले. "मात्र आधी पितृपक्षाचं पान तपास. उद्या सकाळी ते छापखान्यात जायचंय."

कृत्तिकेचे ठरल्यातच जमा होते. पंचांगाची एक ओळ म्हणजे एक दिवस. त्या ओळीत तारीख, वार, तिथी, ती संपण्याची वेळ, नक्षत्र, योग, करण, सूर्योदय, सूर्यास्त, चंद्राची रास, आणि अगदी शेवटी त्या दिवशी कोणते श्राद्ध करावे ते. इतके रकाने चौकोनी पडद्यावर मावतच नसत. शेवटचे दोन उजवीकडे बाहेर राहात. ते पाहायचे तर पान सरकवावे लागे, आणि सरकवले की डावीकडची तिथी दिसेनाशी होई. रुंद पडद्यावर सबंध दिवस एका नजरेत बसत होता. याहून अधिक काय हवे?

दुपारी जेवण आटोपून ती रुंद पडद्यासमोर बसली. एकेक ओळ घेतली. तिथीशी करण जुळते का, नक्षत्राशी रास जुळते का, वेळा एकमेकींना धरून आहेत का, सारे डावीकडून उजवीकडे नीट ताडून पाहिले. आठ ओळी झाल्या, पडदा भरला. तिने पान वर सरकवले आणि नववी ओळ आली.

ही ओळ पिवळी होती. भाद्रपद वद्य नवमी. तिला अविधवा नवमी म्हणतात. नवऱ्यामागे न राहता सवाष्णपणी गेलेल्या बाईची ती तिथी. कृत्तिकेची आई अशीच अहेवपणी गेली, कृत्तिका कॉलेजात असताना. तेव्हापासून दरवर्षी गणित पुरे झाले की कृत्तिका सर्वांत आधी ही ओळ उघडी आणि गावी बाबांना फोन करी. बाबा निवृत्त पोस्टमन. त्यांच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला असे, त्यावर ते तारीख लिहून ठेवीत. शेजारच्या काकूंना सवाष्ण म्हणून महिनोन्महिने आधी सांगून ठेवीत, आणि त्या दिवशी गव्हल्याची खीर स्वतः करीत. यंदाचाही फोन झाला होता, कालच. "बुधवार, बाबा." "बुधवार. लिहिला," बाबा म्हणाले होते.

गेल्या वर्षी ही ओळ शोधायला सोपी जावी म्हणून तिने ती पिवळी रंगवली होती.  तिने ती दोनदा वाचली. मृग नक्षत्र, चंद्र वृषभेत, नवमी श्राद्ध, अविधवा नवमी. सारे एकमेकांशी अगदी जुळत होते. मग तिने उरलेल्या ओळी संपवल्या आणि गुरुजींना हाक मारली.

"झालं गुरुजी. सगळ्या ओळी बरोबर आहेत. आणि मॉनिटर हाच ठेवू या. किती सुटसुटीत काम झालं बघा!"

गुरुजी आले, पण रुंद पडद्यासमोर बसले नाहीत. त्यांनी दुसरी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "हेच पान या चौकोनीवर लाव."

"त्यावर शेवटचे रकाने दिसायचे नाहीत."

"न दिसू देत."

तिने पान लावले. झाले तेच, प्रत्येक ओळ उजव्या कडेला तुटलेली. उंची जास्त म्हणून ओळी मात्र तेरा दिसत होत्या, प्रतिपदेपासून त्रयोदशीपर्यंत, जवळजवळ सगळा पक्ष. गुरुजींनी आपली सागवानी फूटपट्टी मागितली. ही पट्टी कृत्तिकेच्या ओळखीची होती. सहा वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी त्यांनीच तिला शिकवले होते, की तपासताना पट्टी ओळीखाली आडवी धरावी, म्हणजे डोळा खालच्या ओळीत घसरत नाही.

आज गुरुजींनी ती उभी धरली.

पट्टी काचेला टेकवून त्यांनी नक्षत्रांच्या रकान्याची उजवी बाजू झाकली. डावीकडे एक कोरा कागद लावून तिथी झाकल्या. उरला एकच रकाना, वरून खाली. आता कुठलीच ओळ वाचता येईना. कोणत्या दिवशी काय आहे याचा पत्ताच लागेना.  तिला वाटले, गुरुजींची दृष्टी आता फारच गेली. पट्टी कशी धरायची तेही त्यांना उमगत नाही. तिने हात पुढे केला. "गुरुजी, अशी नाही, आडवी..."

"बस खाली," ते म्हणाले. आणि ऐंशी पार केलेला तो माणूस बालवर्गातल्या मुलासारखा मोठ्याने म्हणू लागला.

"उत्तरा भाद्रपदा. रेवती. अश्विनी. भरणी. कृत्तिका." इथे त्यांनी तिच्याकडे पाहून जरासे स्मित केले. "रोहिणी. मृग. आर्द्रा. मृग."

ते थांबले. 

"पुढे पुष्य," ते हळूच म्हणाले. "चंद्र कधी मागे गेलाय का ग?"

कृत्तिकेने काचेकडे पाहिले. आर्द्रा, आणि तिच्याखाली पुन्हा मृग. चंद्र एखाद्या नक्षत्रात दोन दिवस रेंगाळतो, कधी एखादे ओलांडूनही जातो, पण सोडून आलेल्या घरी तो दुसऱ्या दिवशी परतत नाही. हे शाळकरी पोरालाही कळावे. तिला सहा वर्षे शिकून कळले नव्हते, आणि ओळ कोणाची, तर आईची.

तिने घाईघाईने पान उजवीकडे सरकवले. शेवटचा रकाना आला. आठव्या ओळीत, मंगळवारी, लिहिले होते: नवमी श्राद्ध, अविधवा नवमी. नवव्या ओळीत, बुधवारी, पुन्हा तेच: नवमी श्राद्ध, अविधवा नवमी. एकाच आईचे श्राद्ध लागोपाठ दोन दिवस! रुंद पडद्यावर आठवी ओळ तळाशी संपली होती आणि नववी वरच्या कडेने सुरू झाली होती. त्या दोघींना तिने शेजारी शेजारी पाहिलेच नव्हते.

आता तिला सगळे आठवले. गेल्या वर्षी ती ओळ नुसती रंगवून तिचे समाधान झाले नव्हते. कुणाचा धक्का लागून पुसली जाऊ नये म्हणून तिने ती बंद करून ठेवली होती, जशी आपण एखादी वस्तू कपाटात कुलपात ठेवतो. यंदा त्याच पानावर नवे आकडे भरले. तारखा आणि वार यंत्र आपोआप, बंद ओळीतही, घालत असे. बाकीच्या सगळ्या ओळी बदलल्या. ती एक बंद होती, ती जशीच्या तशी राहिली. यंदाच्या नवमीच्या जागी गेल्या वर्षीची नवमी बसून होती, आणि आपल्यातल्या आपल्यात अगदी बिनचूक होती.

"मी बाबांना बुधवार सांगितलाय," ती म्हणाली, आणि तिला रडू आवरेना. "गुरुजी, छापून गेलं असतं. माझंच नव्हे, हजारो घरांत... ज्यांची ज्यांची आई... सगळ्यांनी ती ओळ वाचली असती. मी ही ओळ दोनदा तपासली हो. बाकीच्या एकेकदा आणि ही दोनदा!"

गुरुजींनी पट्टी खाली ठेवली. ते रागावले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते दुःखच होते. पण ते तिच्या चुकीबद्दलचे दुःख नव्हते. अशी चूक आपल्याही हातून कधीतरी झाली होती, हे आठवणाऱ्या माणसाचे ते होते.

"रड हवं तर, पण ऐक," ते म्हणाले. "त्या रुंद पडद्यात खोट नाही. पंचांग विकत घेणारा माणूस आडवंच वाचतो. त्याला आजचा दिवस हवा असतो, तेवढी एक ओळ त्याला पुरते. पण पंचांग करणाऱ्याचं त्यावर भागत नाही. ओळ स्वतःशी कितीही जुळली तरी ती खरी आहे की नाही हे ती स्वतः सांगू शकत नाही. ते वरची ओळ सांगते, खालची ओळ सांगते. तुझी ही ओळ खोटी नव्हती, पोरी. खोटी असती तर तुला पहिल्या वाचनात सापडली असती. ती गेल्या वर्षी खरी होती. एके काळी खरी असलेली गोष्ट पकडणं फार कठीण. त्यातून ती आपल्या मायेची असली, आपण तिला रंग देऊन कुलपात ठेवलेली असली, तर विचारूच नको."

 मग चौकोनी पडद्याच्या उजव्या कडेवर त्यांनी बोट ठेवले.

"आणि हे बघ. हा मॉनिटर ओळ मध्येच तोडतो. तुटलेलं ढळढळीत दिसतं, म्हणून तू चिडतेस, आणि सरकवून पुढचं बघतेस. तो रुंद मॉनिटरही तोडतोच. पण तो दोन ओळींच्या मधल्या रेघेवर तोडतो, इतक्या सफाईने की काही तुटलंय हेच कळत नाही. वर सगळं पूर्ण दिसतं. पडदा कुठलाही घे, कुठेतरी तो तोडणारच. डोळासुद्धा तोडतोच की! कुठे तोडतोय तेवढं आपल्याला माहीत हवं."

 कृत्तिकेने डोळे पुसले आणि पिवळ्या ओळीचे कुलूप काढले. हे करताना तिचा हात क्षणभर अडला. ती ओळ पुसताना आईचेच काहीतरी पुसतो आहोत असे तिला वाटले, आणि ते वाटणे खोटेही नव्हते. मग तिने यंदाचे आकडे भरले. नवमी, पुनर्वसु, दशमी श्राद्ध. यंदा नवमी मंगळवारी दुपारीच लागत होती, आणि श्राद्धाला दुपारची तिथी धरतात. पिवळा रंग तिने वर, मंगळवारच्या ओळीला दिला. थोड्या वेळाने तोही काढून टाकला.

मग तिने गावी फोन लावला.

"बाबा, मी चुकीचं सांगितलं. बुधवार नाही. मंगळवार."

पलीकडून पावलांचा आवाज आला. बाबा चष्मा शोधत असावेत, दाराशी जात असावेत, जुने खोडत असावेत.

"म्हणजे यंदा एक दिवस आधी येणार म्हण की," बाबा म्हणाले. "बरं झालं वेळेवर सांगितलंस, बाळ. नाहीतर दारापर्यंत येऊन परत गेली असती बिचारी. मी इकडे दूधसुद्धा आणलेलं नसतं."

फोन ठेवून कृत्तिका खिडकीशी जाऊन उभी राहिली.  बाहेर ऊन उतरू लागले होते आणि खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी मोटारसायकल बाजूला घ्यायला सांगत होते.

आठ दिवसांनी दुकानदार आला. आपला चौकोनी मॉनिटर परत न्यायचा असे धरूनच तो रिकामे खोके घेऊन आला होता. कृत्तिकेने त्याच्या खोक्यात रुंद मॉनिटर ठेवला.

"अहो ताई, हा नेऊ?" तो चक्रावला. "यावर तर तुमची अख्खी ओळ दिसते!"

"हो ना," ती म्हणाली. "म्हणूनच."

दुकानदाराने गुरुजींकडे पाहिले. गुरुजी खिडकीबाहेर पाहात होते, आणि त्यांचा चेहरा अशा माणसाचा होता ज्याचे या व्यवहाराशी काही देणेघेणे नाही. बिचारा खोके उचलून जिना उतरला. पुढे कितीतरी दिवस तो लोकांना सांगत असे, की पंचांगवाल्यांची डोकी फिरलेली असतात.

पण पितृपक्षाचे पान, ते पहिल्याच दिवशी, फोननंतर, पुरे झाले होते. कृत्तिकेने त्याची प्रत काढून गुरुजींच्या पुढ्यात ठेवली होती. पानाच्या तळाशी शब्दापुरती जागा मोकळी होती. गुरुजींनी पेनाचे टोपण काढले, पान पाहिले, आणि पेन तिच्याकडे केले.

"आज तू लिही."

सहा वर्षे जो शब्द गुरुजींच्या हातून उतरताना ती पाहात आली होती, तो आता तिच्याच हातून उतरायचा होता. तिने पेन घेतले. पण लिहिले नाही. तिने ते मेजावर ठेवले, सागवानी पट्टी उचलली, पानावर उभी धरली, आणि तिथींच्या पहिल्या रकान्यापासून मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. गुरुजींनी डोळे मिटले आणि ते ऐकू लागले. तिचे शेवटच्या रकान्यापर्यंत म्हणून होईतो त्यांनी एकदाही डोळे उघडले नाहीत, आणि मग पेन कागदावर घासल्याचा आवाज आला तेव्हाही उघडले नाहीत.

आजचा दिवस ज्याला अगदी पुरा आणि बिनचूक दिसतो आहे, त्याने एकदा पट्टी उभी धरून कालच्या आणि उद्याच्या ओळीशी तो जुळतो का, ते पाहावे.